अक्षय, अपारंपरिक की नूतनीकरणक्षम? (आणि द्रौपदीची थाळी)

कवडसा

घरातला वाद घरात मिटला नाही म्हणून इथे आणतेय. लेकीला गृहपाठात दोन रकाने भरायचे होते: संपणारी ऊर्जासाधनं आणि न संपणारी ऊर्जासाधनं. तिने कोळसा, तेल डावीकडे लिहिलं, सूर्य, वारा, पाणी उजवीकडे. लाकूड मात्र तिने दोन्हीकडे लिहिलं. बाईंनी डावीकडच्या लाकडावर लाल फुली मारली. लेकीचं म्हणणं, "झाड तोडून दुसरं लावलं नाही तर संपेलच ना?"

मला तरी ती बरोबर वाटते. पण मग प्रश्न वाढतच गेले. सूर्यसुद्धा कधीतरी विझणारच आहे, मग तो न संपणारा कसा? आणि या सगळ्याला आपण जे शब्द वापरतो तेही चमत्कारिक आहेत. "अपारंपरिक ऊर्जा" म्हणे! उन्हात धान्य वाळवणं, शिडाचं जहाज, पाणचक्की, यांच्याइतकं पारंपरिक दुसरं काय असणार? "नूतनीकरणक्षम" उच्चारताना जीभ अडखळते आणि परवान्याची मुदत वाढवून आणल्यासारखं वाटतं. "अक्षय" छान आहे, पण खरं आहे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी हेतुपुरस्सर.)

आळशी_मांजर

उन्हात लोळणाऱ्या जमातीचा प्रतिनिधी म्हणून या धाग्यावर हजेरी लावतो. वाचतोय.

घटाकाश

लेकीला पैकीच्या पैकी गुण. "न संपणारं" हा साधनाचा गुणधर्म नाही, ते दोन वेगांमधलं नातं आहे: भरण्याचा वेग आणि उपसण्याचा वेग. वाढीपेक्षा तोड कमी असेल तर लाकूड न संपणारं, जास्त असेल तर संपणारं. विहिरीचंही तेच.

आता सूर्य. तो दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यात ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेत बदलून निघून जातं. सेकंदाला! तरीही वय ४६० कोटी वर्षं झालंय आणि साधारण तेवढाच काळ अजून बाकी आहे. म्हणजे काटेकोर बोलायचं तर सूर्य हा साठाच आहे, तो संपणार आहे आणि कोणी भरूनही देणार नाही. कोळशापेक्षा तो "अक्षय" ठरतो याचं कारण आपण कितीही पॅनलं लावली तरी तो एका क्षणानेही लवकर विझणार नाही. आपण घेतलं काय, न घेतलं काय, ऊन येऊन पडणारच. कोळशाचं तसं नाही, तो खणला तरच कमी होतो.

एक गंमत. सूर्य इतका प्रचंड आहे म्हणून तेजस्वी आहे, एरवी किलोच्या हिशेबात तो अगदी मंद आहे. त्याची एकूण ऊर्जा त्याच्या वजनाने भागली तर किलोमागे वॉटचा पाच-हजारावा हिस्सा येतो. बसल्याजागी तुमचं-माझं शरीर किलोमागे वॉटभराहून जास्त उष्णता देतं. म्हणजे किलोला किलो लावलं तर धागा वाचत पडलेलं मांजर सूर्यापेक्षा हजारो पट सरस!

आळशी_मांजर

हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतोय.

उंटावरचा_शहाणा

शब्दांचा कीस पाडून झाला असेल तर मुद्द्यावर येऊ. "तासाभराच्या उन्हात जगाची वर्षभराची गरज भागते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले. मग अजून भागत का नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.

घटाकाश

वाक्य खरं आहे, हिशोब सोपा आहे. वातावरणाच्या वर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट पडतात. पृथ्वीच्या पूर्ण तबकडीचा हिशोब केला तर १ लाख ७४ हजार टेरावॉट होतात (एक टेरावॉट म्हणजे लाख कोटी वॉट). जगाचा सगळा वापर, म्हणजे तेल, कोळसा, वायू, सगळं धरून, सरासरी २० टेरावॉटच्या आसपास. भागाकार करून बघा, तासाभरातच येतो.

पण ते वाक्य फसवंही आहे. त्यातला ३० टक्के प्रकाश ढग, बर्फ आणि वाळूवरून थेट अवकाशात परत जातो. उरलेल्यातला बराचसा समुद्रावर पडतो. आणि जमिनीवर पडणारा रात्री पडत नाही. स्वच्छ आकाशात, भर दुपारी, चौरस मीटरला जेमतेम १,००० वॉट. दिवस-रात्र, ढग, तिरपे किरण, सगळं धरून चांगल्या उन्हाच्या प्रदेशातही सरासरी २००-२५० वर येते. ऊर्जा भरपूर आहे, पण ती पातळ पसरलेली आहे. भाकरीला तूप लावावं तशी नाही, डोंगराला तूप लावावं तशी.

तिरपी_उन्हं

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे उलटं झालंय. आड तुडुंब आहे, पोहराच लहान आहे.

उंटावरचा_शहाणा

तेच म्हणतोय. तो पोहरा किती मोठा लागेल ते सांगा. अख्ख्या पृथ्वीवर काचा पसरणार का?

घटाकाश

नाही हो. २० टक्के कार्यक्षमतेचं पॅनल आणि सरासरी २०० वॉटचं ऊन घेतलं तर चौरस मीटरमागे ४० वॉट हाती लागतात. २० टेरावॉटसाठी ५ लाख चौरस किलोमीटर. ओळींमधली मोकळी जागा धरून दुप्पट म्हणा, १० लाख. एकटं सहारा वाळवंट ९० लाखांच्या वर आहे. शिवाय २० टेरावॉटमधली कितीतरी ऊर्जा आज इंजिनांच्या धुराड्यातून आणि औष्णिक केंद्रांच्या शीतमनोऱ्यांतून उष्णता म्हणून वायाच जाते. विजेवर चालणाऱ्या मोटारीला तेवढी लागणारच नाही.

वाळवंट झाका असं मी म्हणत नाहीये. जागा ही खरी अडचण नाही, एवढंच सांगायचंय.

विजेचा_मिस्त्री

मी पॅनलं बसवतो. गेली काही वर्षं तेच काम. खरी अडचण काय ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

गिऱ्हाइकाचा पहिला गोंधळ किलोवॉट आणि युनिट. "तीन किलोवॉट बसवलं, मग तीन किलोवॉट कायम मिळायला हवेत ना?" नाही. पॅनलवर लिहिलेले वॉट हे प्रयोगशाळेतले: १,००० वॉटचं ऊन आणि पॅनलचं तापमान २५ अंश. आता भर उन्हात काळंभोर पॅनल २५ अंशाला कुठे राहणार? हात लावून बघा, चटका बसतो. ६०-६५ सहज होतं. दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे ऐन दुपारी बारा-पंधरा टक्के हवेतच गेले. पॅनलला ऊन हवं, उकाडा नको. थंड, वाऱ्याच्या, लख्ख दिवशी जे उत्पादन मिळतं ते कडक उन्हाळ्यातल्या दुपारी कधीच मिळत नाही. लोकांना हे पटवताना नाकी नऊ येतात. साधारण चांगल्या उन्हाच्या ठिकाणी १ किलोवॉटमागे दिवसाला ४-५ युनिट धरा आणि सुखी राहा.

दुसरा गोंधळ याहून मोठा. "आता आमची वीज कधीच जाणार नाही." साहेब, ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतः बंद पडतो. मुद्दाम तसाच बनवलेला असतो. तुमच्या छतावरची वीज बंद तारेत उलटी गेली तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. डोक्यावर रणरणतं ऊन, छतावर दहा पॅनलं आणि घरात पंखा बंद. यावरून मी शिव्या खाल्ल्यात. बॅटरी आणि तिला लागणारा वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर घेतला तरच घर स्वतःच्या पायावर उभं राहतं.

कवडसा

हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा.

तिरपी_उन्हं

मिस्त्रीबुवा, तुम्ही आमच्याकडे आला असतात तर बरं झालं असतं. आमचं रामायण ऐका. ज्यांनी बसवलं त्यांनी छतावर फक्त एकदाच, भर बाराला येऊन मापं घेतली. बाराला सावली कुठेच नव्हती. बसवून झाल्यावर लक्षात आलं की सकाळी पाण्याच्या टाकीची सावली डावीकडच्या दोन पॅनलांवर पडते. सावली म्हणजे कोपऱ्याची एक पट्टी, फार तर हातभर. पण साडेनऊपर्यंत निम्मी वीजही येत नाही. तक्रार केली तर उत्तर, "एवढ्याशा सावलीने काय होतंय!" हातभर सावलीने निम्मी वीज कशी जाईल, हे मलाही कळलं नाहीये, त्यामुळे भांडताही येत नाही.

विजेचा_मिस्त्री

भांडा. खुशाल भांडा. पॅनलमधले सेल एकामागे एक ओवलेले असतात, माळेसारखे. सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एक सेल अंधारात गेला की तो बाकीच्यांचाही प्रवाह अडवतो, आणि वर त्यांची वीज स्वतःत जिरवून तापतो. म्हणून पॅनलच्या पाठीमागच्या डबीत बहुधा तीन डायोड असतात. सेल अडला की त्याचा अख्खा गट टाळून प्रवाह बाजूने निघून जातो. म्हणजे एका सेलपुरत्या सावलीने पॅनलचा तिसरा हिस्सा गेला. पट्टी आडवी पडून तिन्ही गटांना शिवली तर पॅनल संपलंच. हातभर सावली कुठे पडते यावर सगळा खेळ आहे. वाळकं मोठं पान चिकटून बसलं तरी हाच प्रकार, कावळ्याने कृपा केली तरी हाच.

छतावर खडू घेऊन जा. सकाळी सातपासून दर अर्ध्या तासाने टाकीच्या सावलीची कड आखा आणि बाजूला वेळ लिहा. दिवसभरात नकाशा तयार होतो. कुठलंही यंत्र लागत नाही. हे काम बसवणाऱ्याने आधी करायला हवं होतं.

तिरपी_उन्हं

रविवारी करते. धन्यवाद!

जुनी_वही

धागा छान रंगलाय. "अपारंपरिक" या शब्दावरून जरा मागे जाते.

१७६७ मध्ये ओरास द सोस्यूर या स्विस संशोधकाने काचेची झाकणं असलेली पेटी उन्हात ठेवून आतलं तापमान उकळत्या पाण्याच्या वर नेलं होतं. आजचा सौरचुलीचा पेटारा त्याच्यापेक्षा फार वेगळा नाही. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकाने मोठ्या शंकूसारख्या आरशाने वाफ केली आणि त्या वाफेवर चक्क बर्फ तयार करून दाखवला. उन्हाने बर्फ! पदक मिळालं. पुढे कोळसा स्वस्त झाला आणि सरकारला त्यात रस उरला नाही.

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट १९१३ ची. अमेरिकन अभियंता फ्रँक शुमन याने कैरोजवळ मादी इथे पन्हळीच्या आकाराचे लांबच लांब आरसे मांडून वाफेवर चालणारा पंप उभा केला. मिनिटाला २० हजार लिटरच्या वर पाणी शेतीसाठी नाईलमधून उपसलं जायचं. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, माणसं पांगली, प्रकल्प मोडीत निघाला. नंतर तेलाचा जमाना आला. आज वाळवंटात जे मैलोन्‌मैल पन्हळी आरसे दिसतात ते मुळात त्याचीच कल्पना.

तेव्हा ही ऊर्जा नवी नाहीच. ती दोन-तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलेली आहे.

उंटावरचा_शहाणा

आणि दर वेळी परत का गेली? कारण कोळसा आणि तेल अंधारातही जळतात. माझा मुद्दा कोणी खोडणार का?

घटाकाश

खोडत नाही. उलट तोच खरा मुद्दा आहे.

जुनी_वही, तुमच्या इतिहासाला जोड. त्या सगळ्यांनी उन्हाची उष्णता पकडली. प्रकाशातून थेट वीज ही निराळी वाट. १८३९ मध्ये एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या पोराला दिसलं की द्रावणात बुडवलेल्या पत्र्यांवर उजेड पडला की विद्युतप्रवाह वाढतो. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्‌सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन सेल केला, कार्यक्षमता १ टक्क्याच्या आसपास. असं का होतं हे कळायला आइन्स्टाइनचा १९०५ चा निबंध यावा लागला. आणि उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला, ६ टक्क्यांचा. आज बाजारातली पॅनलं २० ते २३ टक्क्यांवर आहेत. एकाच जोडाच्या, म्हणजे या साध्या सिलिकॉनसारख्या, सेलची सैद्धांतिक मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास, शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये काढलेली. कारण सिलिकॉनला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, ठरावीक ताकदीचाच लागतो. त्याहून दुबळा असेल तर तो उपयोगाचा नाही, जोरकस असेल तर जादाची ताकद उष्णता होऊन जाते.

हे २०-२३ टक्के कमी वाटतात ना? झाडाकडे बघा. पिकाच्या पानावर पडलेल्या उन्हातलं शेवटी बायोमास म्हणून टिकतं ते १-२ टक्के, बऱ्याचदा तेवढंही नाही. पण झाडाने एक गोष्ट अशी केलीय जी पॅनलला येत नाही. ते कमावलेलं साठवतं. लाकूड म्हणजे बॅटरीच. आणि कोळसा म्हणजे ३० कोटी वर्षांपूर्वी भरून ठेवलेली बॅटरी.

कवडसा, तुमच्या "अक्षय" या शब्दावर विचार करत होतो. पांडवांना वनवासात अक्षय थाळी दिली कोणी? सूर्यानेच! आणि तिची अट आठवते का? रोज वाटेल तेवढ्यांना वाढा, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती थाळी रिकामी. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. सौरऊर्जेचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

कवडसा

अहाहा! आणि दुर्वास शिष्यांना घेऊन आले तेही द्रौपदीचं जेवण झाल्यावरच!

विजेचा_मिस्त्री

दुर्वास म्हणजे संध्याकाळी सातची वेळ. ऊन गेलेलं, आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, स्वयंपाक एकदम सुरू. ग्रिड चालवणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो त्याच वेळी. दुपारी मागणीची रेघ खाली बसते, संध्याकाळी एकदम वर उसळते. आलेख बदकासारखा दिसतो म्हणून त्याला बदकरेषाच म्हणतात. जिथे सौर पॅनलं जास्त तिथे बदकाचं पोट जास्त लोंबतं. दुपारी वीज इतकी होते की कधीकधी घेणारं कोणी नसतं आणि चालू पॅनलं बंद करावी लागतात.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे थाळी अक्षय, पण पाहुणे अवेळी. ठीक आहे, हे पटलं. आता श्रीकृष्ण कोण? थाळीला चिकटलेल्या भाजीच्या पानावर भागवणारा?

घटाकाश

एकच कोणी नाही. जगात ग्रिडसाठी साठवलेल्या ऊर्जेत वर्षानुवर्षं सर्वांत मोठा वाटा पाण्याचा राहिलाय. वीज फुकट जात असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडून टर्बाइन फिरवायची. टाकलेल्यातलं ७० ते ८० टक्के परत मिळतं. वेल्समधलं डिनॉर्विग हे असं केंद्र १९८४ पासून डोंगराच्या पोटात बसलेलं आहे, काही सेकंदांत पूर्ण ताकदीने सुरू होतं.

दुसरा प्रकार वितळलेल्या मिठाचा. खायचं मीठ नव्हे, सोडियम आणि पोटॅशियमच्या नायट्रेटचं मिश्रण. स्पेनमधल्या हेमासोलार केंद्रात अडीच हजारांवर आरसे मधल्या मनोऱ्यावर ऊन फेकतात, तिथे मीठ ५६५ अंशांपर्यंत तापतं आणि मोठ्या टाकीत ठेवलं जातं. ऊन मावळल्यावर त्या उष्णतेवर पंधरा तास टर्बाइन चालेल एवढा साठा. २०११ मध्ये त्याने सलग चोवीस तास वीज देऊन दाखवली. ही शुमनचीच परंपरा बरं का, जुनी_वही.

आणि तिसरा अर्थातच लिथियमच्या बॅटऱ्या.

तिरपी_उन्हं

एक वेडा प्रश्न. आमची ती सावली पाडणारी टाकी! दुपारी फुकटच्या विजेने ती भरायची आणि रात्री पाणी खाली सोडून छोटं टर्बाइन फिरवायचं. सावलीची भरपाई टाकीनेच करायची. होईल?

घटाकाश

वेडा मुळीच नाही, गणित करूच. १,००० लिटर म्हणजे १ टन. उंची १० मीटर धरू. १,००० किलो गुणिले ९.८ गुणिले १०, म्हणजे ९८ हजार ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. उत्तर: ०.०२७ युनिट. कुठेही काही वाया गेलं नाही असं धरलं तरी ९ वॉटचा एक दिवा तीन तास.

तिरपी_उन्हं

बस? टाकीभर पाण्यात एक दिवा?

घटाकाश

एक दिवा. गुरुत्वाकर्षण फार कंजूष आहे. हीच टाकी १०० मीटर उंच नेली तरी पाव युनिटच्या जरा वर. घराला संध्याकाळी १० युनिट हवीत तर १०० मीटर वरून ३७ हजार लिटर सोडावे लागतील, तेही शंभर टक्के कार्यक्षमतेने. म्हणून डोंगर आणि तलाव लागतात, गच्चीवरची टाकी नाही. याउलट १० युनिटची बॅटरी दोन माणसं उचलतील. आणि तेवढीच ऊर्जा जेमतेम लिटरभर पेट्रोलमध्ये असते. (पेट्रोलची सगळी ऊर्जा कामी येत नाही हे खरं, तरीही.) तेलाची सवय सुटत नाही ती याच्यामुळे.

आळशी_मांजर

पाणी चढवून दिवा लावण्यापेक्षा सूर्य मावळला की झोपलेलं बरं. लाखो वर्षांचा आमचा अनुभव आहे.

जुनी_वही

हसू नका, झोपेची वेळ बदलणं हाही उपायच आहे. पाणी तापवणं, गिरणी, कपडे धुणं, शेतीचे पंप, बर्फाचे कारखाने, यांना संध्याकाळच कशाला हवी? पूर्वी पाणचक्कीला पाणी असेल तेव्हा दळण व्हायचं आणि शीड वारा असेल तेव्हा उघडायचं. काम ऊर्जेच्या वेळापत्रकाने चालायचं. कोळशाने ते उलटं केलं.

उंटावरचा_शहाणा

ठीक. पण पॅनल बनवतानाच कोळसा जाळतात त्याचं काय? वाळूपासून सिलिकॉन काही मंत्राने होत नाही.

घटाकाश

बरोबर. गारगोटीच्या दगडातला ऑक्सिजन काढायला कार्बन लागतो, म्हणजे कोळसा किंवा लोणारी कोळसा, तोही दोन हजार अंशांच्या आसपासच्या विद्युतभट्टीत. मग तो सिलिकॉन वायुरूप संयुगात बदलून शुद्ध करायचा, पुन्हा १,४१४ अंशांना वितळवून त्यातून स्फटिक ओढायचा, आणि मग दीडशे-एक मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापायच्या. खर्चिक काम आहे. पण बनवताना लागलेली ऊर्जा पॅनल साधारण वर्ष-दोन वर्षांत परत देतं, आणि चालतं पंचवीस-तीस वर्षं. घसारा वर्षाला अर्धा टक्का.

टाकाऊ पॅनलांचा प्रश्न खरा आहे, तो मी झाकत नाही. वजनाचा तीन-चतुर्थांश भाग काच असते, चौकट अॅल्युमिनियमची, ते वेगळं काढणं सोपं. पण आतले सेल प्लास्टिकच्या थरात असे चिकटवलेले असतात की चांदी आणि सिलिकॉन सोडवून घेणं जिकिरीचं. जी गोष्ट पंचवीस वर्षं पाऊस आत येऊ देत नाही, ती सहज उघडणार कशी? ऊन अक्षय असलं तरी थाळी घडवावी लागतेच.

विजेचा_मिस्त्री

घसाऱ्यावरून आठवलं. काढून टाकलेली जुनी पॅनलं मी तपासतो. बहुतेक वेळा सेल ठणठणीत असतात. जातं काय, तर मागची डबी, जोडणीतले कनेक्टर, नाहीतर डायोड. इन्व्हर्टर तर दहा-बारा वर्षांतच बदलावा लागतो.

घटाकाश

याचा उत्तम दाखला अवकाशात आहे. १९५८ मध्ये सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा चिमुकला उपग्रह. त्यात पृथ्वीकडे संदेश पाठवणारे दोन प्रक्षेपक होते, एक बॅटरीवर, एक सौर सेलवर. बॅटरीवाला जूनमध्येच, म्हणजे तीन महिन्यांच्या आत गप्प झाला. सेलवाला १९६४ पर्यंत बोलत राहिला. मुका झाला तरी उपग्रह अजून फिरतोच आहे.

कवडसा

लेकीला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा नवा प्रश्न: "मग खरंच सूर्यातून न येणारी ऊर्जा कुठली?" वारा, पाऊस, लाकूड, कोळसा, तेल सगळं शेवटी ऊनच, हे तिला कळलंय.

घटाकाश

हुशार आहे! तीन सांगा. भरती-ओहोटी, ती मुख्यतः चंद्रामुळे. भूगर्भातली उष्णता, ती पृथ्वी घडतानाची उरलेली आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची. आणि अणुऊर्जा, तिचं युरेनियम सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांच्या उलथापालथीत तयार झालेलं.

आणि तिला हेही सांगा की "न संपणाऱ्या" रकान्यातली ही साधनंसुद्धा संपवता येतात. कॅलिफोर्नियात गायझर्स नावाचं भूऔष्णिक क्षेत्र आहे, जगातलं सर्वांत मोठं. १९८० च्या दशकात तिथे इतकी केंद्रं लागली की जमिनीतली वाफच कमी पडायला लागली. उष्णता खाली होती, पाणी संपत आलं होतं. शेवटी जवळपासच्या गावांचं सांडपाणी शुद्ध करून नळांनी आणून जमिनीत सोडावं लागलं. आजही ते सोडतात. धरणांचंही तसंच. पाऊस दरवर्षी येतो, पण तो गाळही आणतो, आणि तलाव हळूहळू भरत जातो. भरती-ओहोटीचं तर विचारू नका. तिच्या घर्षणाने पृथ्वीचा फिरण्याचा वेग मंदावतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. आपण वीज काढली नाही तरीही.

कवडसा

ती म्हणतेय, आता मी सगळंच दोन्ही रकान्यांत लिहिणार. बाईंचं काही खरं नाही.

उंटावरचा_शहाणा

मी उंटावरून उतरलोय असं समजू नका. पण माझ्या बाल्कनीत एक लहानसं पॅनल मागवतोय. मोबाइल चार्ज करायला. फक्त पडताळून बघण्यासाठी.

विजेचा_मिस्त्री

आधी खडू!

तिरपी_उन्हं

खडूवरून आठवलं, रविवारी केलं एकदाचं. सातपासून अकरापर्यंत नऊ रेघा. साडेसातची रेघ तिरकी तीन पॅनलांवरून जाते, मला वाटत होती दोनच. साडेआठला सावलीची कड पहिल्या पॅनलच्या तळाला अगदी आडवी लागते, मिस्त्रीबुवा म्हणाले तशीच, तिन्ही गटांवर एकदम. मोबाइलवर उत्पादनाचा आलेख उघडून रेघांच्या वेळा शेजारी ठेवल्या. सावली त्या पॅनलवरून उतरली नऊ चाळीसला, आणि आलेख उडी मारतो तोही नऊ चाळीसला.

फोटो काढून बसवणाऱ्यांना पाठवले. पहिल्यांदाच "एवढ्याशा सावलीने" असं उत्तर आलं नाही. डावीकडची दोन्ही पॅनलं उजव्या टोकाला हलवून देतो म्हणालेत, पैसे न घेता. अजून आलेले नाहीत. रेघा तशाच ठेवल्यात, पुसू नका म्हणून घरात सगळ्यांना बजावलंय. हिवाळ्यात सूर्य आणखी खाली येईल तेव्हा दुसऱ्या रंगाच्या खडूने पुन्हा आखणार आहे.